चीवराचा हिशेब



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. आता अश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने आपल्या वस्त्यांतील विहारांतून सायंकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होईल. नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांतील पुष्कळांना वर्षावास म्हणजे जुन्या चातुर्मासाचेच बौद्ध नाव वाटते. म्हणून ‘कांदा-लसूण सोडायचा का’, ‘सोमवार धरायचा का’ असे प्रश्न मला दरवर्षी विचारले जातात. कांदा-लसूण खुशाल खा. वर्षावासाचा आणि उपासाचा काही संबंध नाही. त्याचा संबंध आहे शेतातल्या कोवळ्या कोंभाशी.

विनयपिटकात याची हकीकत दिली आहे. तथागत राजगृहाच्या वेळुवनात होते. त्या काळी भिक्खू उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तिन्ही ऋतूंत चारिका करीत. तेव्हा लोक कुरकुर करू लागले की, हे शाक्यपुत्र श्रमण पावसातही हिंडतात, हिरवे अंकुर तुडवतात, लहानसहान जीव पायाखाली चिरडतात. इतर पंथांचे लोक पावसाळ्यात एका जागी राहतात, पाखरेदेखील झाडाच्या शेंड्यावर घरटे करून बसतात, मग यांनाच काय झाले? ही तक्रार कोणा राजाची नव्हती की पंडिताची नव्हती. ती शेतावरच्या, बांधावरच्या माणसांची होती. ती तथागतांच्या कानी गेली आणि त्यांनी नियम घातला की, भिक्खूंनी पावसाळ्यात एका ठिकाणी वास करावा. ‘तुम्ही अडाणी, तुम्हांला धम्मातले काय कळते’ असे ते म्हणाले नाहीत. साध्या माणसाच्या तक्रारीतून संघाचा नियम झाला, आणि अडीच हजार वर्षे तो पाळला जात आहे.

ही हकीकत आज सांगण्याचे कारण असे. आमच्या विहारात मागच्या रविवारी महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या शाश्वत विकासाच्या ध्येयांची माहिती सांगितली. २५ सप्टेंबर २०१५ रोजी जगातल्या १९३ राष्ट्रांनी मिळून १७ ध्येये मान्य केली. त्यांच्या पोटात १६९ उद्दिष्टे आहेत आणि २०३० सालापर्यंतची मुदत आहे. दारिद्र्य नाहीसे व्हावे, कोणी उपाशी राहू नये, सर्वांना आरोग्य व शिक्षण मिळावे, स्त्री-पुरुष समान व्हावेत, सर्वांना शुद्ध पाणी व शौचालय मिळावे, विषमता कमी व्हावी, वस्तूंची नासाडी थांबावी, हवा-पाणी-जंगल टिकावे, अशी ती ध्येये आहेत. मुलाने माहिती चांगली सांगितली. पण ती संपल्यावर मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक वृद्ध उपासिका उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘गुरुजी, ही सतरा कामं सरकारची. आमच्या घरात सकाळी दोन हंडे पाणी आलं तर दिवस सुरू होतो. आम्ही जगाचं काय करायचं?’’

लोक हसले. मला मात्र हसू आले नाही. प्रश्न अगदी खरा आहे. त्याला तेथल्या तेथे मी जे उत्तर दिले ते मला पुरेसे वाटले नाही, म्हणून हे प्रवचन लिहीत आहे.

पहिली गोष्ट ही की, या सतरांतले सहावे ध्येय पाण्याचे आहे. राष्ट्रांनी ते २०१५ साली लिहिले. आपल्या माणसांनी ते २० मार्च १९२७ रोजी महाडला आपल्या ओंजळीने लिहिले. त्याआधी काय स्थिती होती ते नव्या कुटुंबांनी समजून घ्यावे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही त्याप्रमाणे चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. म्हणजे कागदावर पाणी मिळाले होते. परंतु कागदाने तहान भागत नाही. परिषदेला आलेले कुळवाडी, मजूर, गिरणी कामगार, पेन्शनर सैनिक बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा ठराव खरा झाला. त्याबद्दल त्यांना मार खावा लागला. तळे ‘बाटले’ म्हणून १०८ घागरी पाणी उपसून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घालून ते ‘शुद्ध’ करण्यात आले. गुरांचे शेण ज्याला शुद्ध करते आणि माणसाचा हात ज्याला बाटवतो, असे ते पाणी! पुढे दहा वर्षे खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

तेव्हा ‘आम्ही जगाचं काय करायचं’ असे विचारणाऱ्या आजींना मी एवढेच सांगेन की, महाडला गेलेल्या माणसांतही कोणी मोठा नव्हता. ज्यांच्या घरी दोन हंडे पाण्याची ददात होती, तेच गेले होते.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. हल्ली जगाच्या कल्याणाची भाषा बोलणारे पुष्कळदा गरिबालाच उपदेश करतात की, कमी वापरा, कमी मागा, साधेपणाने राहा. ज्याच्या घरात एक दिवा आहे त्याला वीज वाचवायला सांगतात. अशा उपदेशाला भुलू नका. बाबासाहेबांनी १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात बुद्ध आणि त्यांच्या धर्माच्या भवितव्याविषयी लेख लिहिला. चांगल्या धर्माच्या ज्या कसोट्या त्यांनी त्यात सांगितल्या, त्यांत एक कसोटी अशी आहे की धर्माने दारिद्र्याचे उदात्तीकरण करता कामा नये. श्रीमंताने सोडून दिलेले दारिद्र्य निराळे आणि गरिबावर लादलेले दारिद्र्य निराळे. दारिद्र्याला देवाची इच्छा किंवा गेल्या जन्माचे फळ म्हणणारी शिकवण आपण १९५६ साली नागपूरला मागे टाकून आलो आहोत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते, तेव्हा त्यांनी दामोदर खोऱ्याच्या धरणयोजनेचा पाया घालण्यात पुढाकार घेतला. पूर अडवावा, शेताला पाणी द्यावे, वीज निर्माण करावी आणि त्यातून दारिद्र्य हटवावे, हा त्यामागचा विचार होता. गरिबाने कंदिलातच राहावे असे त्यांना कधीही वाटले नाही.

तथागतांचेही मत हेच. आळवी नगरीतल्या एका गरीब शेतकऱ्याची गोष्ट धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. तथागत तेथे आले तेव्हा त्याला उपदेश ऐकायचा होता, पण नेमका त्याच दिवशी त्याचा बैल सुटून रानात गेला. बैल शोधता शोधता दुपार टळली. इकडे भोजन उरकून सारी सभा बसली होती, पण तथागत बोलायला सुरुवात करीनात. शेतकरी उपाशीच धावत आला. तथागतांनी आधी विचारले की काही अन्न शिल्लक आहे काय, त्याला पोटभर जेवू घालायला लावले आणि मगच धम्म सांगितला. भिक्खूंना आश्चर्य वाटले. तेव्हा भूक हाच सर्वांत मोठा रोग आहे, असे तथागतांनी त्यांना सांगितले. राष्ट्रसंघाच्या यादीत भुकेचे ध्येय दुसरे आहे. तथागतांच्या सभेत ते उपदेशाच्याही आधी होते.

दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात एका राजाची कथा आहे. त्याने रक्षणाची सारी व्यवस्था केली, पण निर्धनांना धन दिले नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी आली, चोरीतून शस्त्रे आली, शस्त्रांतून हत्या आली, मग असत्य आले आणि शेवटी माणसाचे आयुष्यही घटत गेले. कूटदन्त सुत्तात त्याच्या उलट आहे. राज्यात लूटमार माजली असता पुरोहित राजाला सांगतो की, शिक्षा करून हे थांबणार नाही. शेती करणाऱ्याला बी-बियाणे आणि चारा द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला योग्य वेतन द्या. तेव्हा सरकारकडे आपला वाटा मागणे, हे लाचारीचे काम नाही. ते धम्माचे काम आहे, आणि सामान्य माणसाने जगासाठी करावयाच्या कामांत मी ते पहिले धरतो.

आता मथळ्यातल्या चीवराकडे येतो.

कोसंबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी भदंत आनंदांचा उपदेश ऐकला आणि प्रसन्न होऊन त्यांना ५०० वस्त्रे दान दिली. राजाला हे कळले तेव्हा तो संतापला. एवढी वस्त्रे घेऊन हा श्रमण काय कापडाचे दुकान मांडणार आहे? तो तडक आनंदांकडे गेला आणि त्याने हिशेब विचारला.

‘एवढ्या वस्त्रांचे काय करणार?’ ज्या भिक्खूंची चीवरे विरली आहेत त्यांना वाटून देणार. ‘मग त्यांच्या विरलेल्या चीवरांचे काय?’ त्यांचे अंथरुणावर पसरायचे पलंगपोस करणार. ‘आणि जुन्या पलंगपोसांचे?’ गादीच्या खोळी करणार. ‘जुन्या खोळींचे?’ जमिनीवर अंथरणार. ‘जुन्या अंथरणांचे?’ पायपुसणी करणार. ‘जुन्या पायपुसण्यांचे?’ धूळ झाडायची फडकी करणार. ‘आणि त्या फडक्यांचे?’ ती फडकी कुटून, चिखलात कालवून त्याने जमीन सारवणार.

राजा गप्प झाला. हे शाक्यपुत्र काहीच वाया घालवीत नाहीत असे म्हणून त्याने आणखी ५०० वस्त्रे दिली.

ही गोष्ट मी आमच्या वस्तीत सांगितली तेव्हा बायका एकमेकींकडे पाहून हसू लागल्या. कारण हा हिशेब त्यांच्या तोंडपाठ आहे. लुगडे विरले की त्याची गोधडी, गोधडी फाटली की तिचे बाळाचे दुपटे, दुपट्याचे फडके, फडक्याचे पोतेरे, आणि पोतेरे शेवटी सारवणाच्या मातीतच जाते. उदयन राजाला जे नवल वाटले ते आपल्या आईला, आजीला नवल नव्हते.

परंतु येथे थांबून थोडा विचार करा. आपल्या आजीने ही काटकसर हौसेने केली काय? नाही. तिला दुसरे लुगडेच नव्हते. मनुस्मृतीने तर चांडाळाने प्रेताची वस्त्रे वापरावीत असा दंडक घातला होता. आपल्याला फाटके नेसायला लावले होते. म्हणूनच बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना स्वच्छ राहा, नीट नेसा, अस्पृश्यतेची ओळख पटवणाऱ्या जुन्या चालीरीती टाका, असे सांगितले. तेव्हा आज कोणी ‘फाटके घाला, त्याने पृथ्वी वाचेल’ म्हणाला तर त्याचे ऐकू नका. मुलांना अंगभर, नीटनेटके कपडे घाला. भदंत आनंदांनीसुद्धा विरलेले चीवर नेसणाऱ्या भिक्खूला आधी नवे दिले, हे विसरू नका. हिशेब त्याच्यानंतर सुरू होतो. लाचारीने पुरवून वापरणे आणि समजून पुरवून वापरणे, या दोहोंत आजीच्या पिढीचे आणि आपल्या पिढीचे अंतर आहे. आज आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी नोकरी आली, कपाट आले, आणि हिशेब मात्र हरवला. लग्नात एकदा नेसलेले वस्त्र पुन्हा नेसायला लाज वाटते. कर्ज काढून पंगत उठवली जाते आणि अर्धे अन्न उकिरड्यावर जाते. ज्यांच्या पूर्वजांनी उष्टे गोळा करून दिवस काढले, त्यांच्या मांडवात उष्ट्याचे ढीग लागावेत, हे मला पाहवत नाही.

सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार वाटे सांगितले आहेत. एका वाट्यात घर चालवावे, दोन वाटे आपल्या धंद्या-कामात घालावेत आणि चौथा अडीअडचणीसाठी राखावा. त्याच सुत्तात संपत्ती बुडवणारी सहा तोंडे सांगितली आहेत: मद्यपान, अवेळी रस्त्यावर भटकणे, तमाशे-जलसे, जुगार, वाईट संगत आणि आळस. दारू न पिण्याची प्रतिज्ञा बावीस प्रतिज्ञांत आपण घेतलीच आहे. दारूचा पैसा ज्या घरात वाचतो, त्या घरात दारिद्र्य, भूक, आरोग्य, शिक्षण आणि स्त्रीचा मान अशी पाच ध्येये एकदम आत येतात. यावर अधिक लिहीत नाही. ज्या घरात हा प्रश्न आहे त्या घरातल्या बाईला माझ्यापेक्षा अधिक कळते.

मला अधिक लिहायचे आहे ते कचऱ्याविषयी. त्याचे एक कारण आहे, आणि ते सांगताना मला लाज वाटते.

एका बुद्धजयंतीला आमच्या विहाराने खीरदान केले. मोठी गर्दी झाली. खीर प्लास्टिकच्या पेल्यांतून वाटली, पाणीही तसेच. रात्री भीमगीते झाली आणि सगळे समाधानाने घरी गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी विहार उघडायला गेलो, तर रस्ताभर आणि शेजारच्या नाल्यात पेल्यांचा खच पडला होता, आणि नगरपालिकेच्या दोन सफाई कामगार बाया तो गोळा करीत होत्या. त्यांतली एक आमचीच उपासिका होती. आदल्या दिवशी तिने पांढरी साडी नेसून त्रिशरण-पंचशील घेतले होते. मला पाहून तिने ‘जयभीम गुरुजी’ म्हटले आणि पुन्हा खाली वाकली. मैत्रीवर आदल्या रात्री मी पाऊण तास बोललो होतो. तो पाऊण तास कुठे गेला, असे मला वाटले.

विनयात भिक्खूंसाठी नियम आहे की, हिरवळीवर आणि पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये. नियम साधा आहे. पण त्याच्यामागे एक मोठा विचार आहे. मी टाकलेली घाण नाहीशी होत नाही, ती दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला जाते. आणि भारतात हा ‘दुसरा’ कोण, हे जातीने ठरवून ठेवले आहे. इतर देशांत कचरा हा कचऱ्याचा प्रश्न असेल. आपल्या देशात तो जातीचाही प्रश्न आहे. हाताने मैला साफ करायला लावण्यास बंदी करणारा कायदा २०१३ साली झाला. गटारात मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली याचा अर्थच असा की, माणसे अजून गटारात उतरवली जात होती आणि मरत होती. ती कोणत्या वस्त्यांतली असतात हे तुम्हांला सांगायला नको.

म्हणून नव्या बौद्ध कुटुंबांना माझे पहिले सांगणे असे की, ओला कचरा आणि सुका कचरा घरातच वेगळा करा. फुटलेली काच, ब्लेड, सुई कागदात गुंडाळून वर खूण करून द्या. पाळीच्या वेळचे कापड किंवा पॅड उघडे टाकू नका. हे नगरपालिकेचा दंड टळावा म्हणून करायचे नाही. पहाटे त्यात हात घालणारी बाई आपली बहीण आहे म्हणून करायचे. दुसरे असे की, तुमच्या इमारतीचा, चाळीचा किंवा शेजाऱ्याचा शौचालयाचा हौद तुंबला तर आत माणूस उतरू देऊ नका. उपसणारी गाडी मागवा. गाडी उशिरा येईल, पैसे जास्त पडतील, शेजारी म्हणेल ‘दोनशे रुपयांत माणूस मिळतो’. तेव्हा आडवे उभे राहा. तथागतांनी सुनीताला पाहिले तेव्हा तो रस्ता झाडणारा, पुक्कुस जातीचा मनुष्य भिंतीला चिकटून उभा राहिला होता, कारण वाट सोडणे हाच त्याचा धर्म ठरवला होता. तथागतांनी त्याला संघात घेतले. आपण बुद्धाचे अनुयायी म्हणवतो. सुनीताला हौदात उतरवून आपले अंगण स्वच्छ ठेवणे आपल्याला शोभणार नाही.

आता पुन्हा आजींच्या दोन हंड्यांकडे वळू. पाणी भरते कोण? घरातली बाई आणि शाळकरी मुलगी. टँकर आला की मुलीची शाळा बुडते. पाण्याचे सहावे ध्येय, शिक्षणाचे चौथे आणि स्त्री-पुरुष समतेचे पाचवे ही तिन्ही त्या एका हंड्यात आहेत. तो हंडा उद्यापासून घरातल्या पुरुषाने उचलला तर त्याला कोणत्या सरकारी योजनेची गरज आहे? शिकलेले नवरे, मुलगे बाबासाहेबांच्या जयंतीला भाषण करतात आणि घरी येऊन तहान लागली की बायकोला हाक मारतात. प्रकृती नावाच्या चांडाळकन्येकडे भदंत आनंदांनी विहिरीवर पाणी मागितले. ती म्हणाली, मी चांडाळाची मुलगी आहे. आनंद म्हणाले, मी पाणी मागितले, जात विचारली नाही. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. त्याच विहिरीवर पाणी शेंदायला आजही मुलगीच का उभी असते, हे मात्र आपण विचारीत नाही.

गावात नळयोजना आली असेल तर पाहा, बौद्धवाड्याची तोटी ओळीत कितवी आहे आणि पाणी किती वेळ येते. शेवटची असेल तर ग्रामसभेत उठून बोला. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरवण्याचा प्रघात आहे. आपली माणसे तिकडे फिरकत नाहीत आणि मग वर्षभर तक्रार करतात. अर्ज लिहा, पोच घ्या, बायकांना पुढे बसवा. आणि भांडण झाले तर सिद्धार्थाची आठवण ठेवा. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहणे हे दिलेले नाही. कारण दिले आहे ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेल्या भांडणाचे. शाक्य संघ युद्ध करायला निघाला. सिद्धार्थ म्हणाला, आपण दोन माणसे निवडू, कोलियांनी दोन निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी मिटवावे. संघाने ऐकले नाही. बहुमत विरुद्ध गेले आणि सिद्धार्थाने घर सोडले. पाण्याचा प्रश्न आपल्या धम्माच्या उगमापाशीच आहे, असे मी म्हणतो ते याच आधारावर. खालची वस्ती आणि वरची वस्ती यांच्यात विहिरीवरून, बंधाऱ्यावरून तंटा होतो तेव्हा पाचांची ही रीत अजूनही वापरून पाहण्यासारखी आहे. मात्र पाचांत आपले दोन असलेच पाहिजेत.

झाडांविषयी थोडे. संयुत्तनिकायात एक छोटे सुत्त आहे. कोणाचे पुण्य रात्रंदिवस वाढते, असा प्रश्न येतो. जे बाग लावतात, वन लावतात, पूल बांधतात, पाणपोई आणि विहिरी करतात, निवारा देतात त्यांचे, असे उत्तर तथागत देतात. यात यज्ञ नाही, नवस नाही, ब्राह्मणभोजन नाही. सम्राट अशोकाने तेच केले. माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधी वनस्पती लावल्या, रस्त्यांच्या कडेला झाडे लावली, विहिरी खोदल्या, आणि हे शिलालेखांत कोरून ठेवले. त्याच्या शिलालेखांचे तुकडे आपल्या ठाण्याजवळच्या सोपाऱ्यातही सापडले आहेत. वर्षावासात प्रत्येक कुटुंबाने एक झाड लावावे. परंतु उत्साहात विहाराच्या भिंतीला लागून पिंपळ लावू नये. आमच्या आधीच्या मंडळींनी तो तसा लावला. त्याच्या मुळांनी भिंत फुटली, आता झाड तोडवत नाही आणि भिंत टिकत नाही. पिंपळ मोकळ्या जागी लावा, दूर लावा, आणि दोन उन्हाळे त्याला पाणी घाला. नव्या कुटुंबांना आणखी एक सूचना. बोधिवृक्ष म्हणून त्याला सूत गुंडाळू नका, दिवा लावून नवस बोलू नका. दारातून बाहेर काढलेली रूढी खिडकीतून आत येऊ पाहते. झाडाला पाणी लागते, सूत लागत नाही.

कोणी म्हणेल, एका घराने कचरा वेगळा केला, एका पोराने हंडा उचलला, एक झाड लावले, याने समुद्राची पातळी खाली येणार आहे काय? नाही येणार. मोठे कारखाने, मोठी राष्ट्रे, मोठे धनवान जे करतात त्याची भरपाई आपल्या झोपडीने करावी, असे कोणी म्हणत असेल तर ते अन्यायाचे आहे. पाऊस धरबंद सोडून कोसळला की पहिले पाणी नाल्याकाठच्या आपल्या घरात शिरते, ऊन वाढले की पहिला चटका उघड्यावर राबणाऱ्याला बसतो, आणि दोष मात्र सर्वांचा सारखा सांगितला जातो. हा हिशेब चुकीचा आहे. तो चुकीचा आहे हे मोठ्याने सांगणे, मत देताना ध्यानात ठेवणे, हेही आपल्या कामात येते. पण उदयन राजाचा हिशेब विचारण्याचा अधिकार आपल्याला केव्हा मिळतो? आपल्या चीवराचा हिशेब तयार असतो तेव्हा. आनंदांनी राजापुढे मान खाली घातली नाही, कारण शेवटच्या फडक्यापर्यंतचे उत्तर त्यांच्याजवळ होते.

आमच्या विहाराने या वर्षी ठरवले आहे की, १४ ऑक्टोबरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात आणि अश्विन पौर्णिमेला प्लास्टिकचा एकही पेला येणार नाही. वर्गणीतून स्टीलचे २०० पेले घेतले आहेत, ज्याला जमेल त्याने आपला पेला घरूनही आणावा. जेवण मोजून करायचे, उरले तर त्याच रात्री जवळच्या वस्तीत पोचवायचे. आणि कार्यक्रम संपल्यावर रस्ता झाडूनच घरी जायचे; सफाई कामगार भगिनींसाठी त्या पहाटे काही शिल्लक ठेवायचे नाही. त्या उपासिकेला आम्ही कार्यक्रमाच्या समितीत घेतले आहे आणि पेल्यांची वाटणी तिच्या हाती दिली आहे. पेले धुणार कोण, यावर बैठकीत बराच वाद झाला. प्रश्न विचारणाऱ्या आजी त्या दिवशीही भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी सुचवले ते मान्य झाले. धुण्याची पाळी पुरुषांची आहे. नावांची यादी विहाराच्या दारावर लावली आहे, पहिले नाव माझे आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.